गोधडीतली गाडी

थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवायची आणि तेल वितळायची वाट बघायची, हे आपल्याला नवं नाही. आता त्या बाटलीच्या जागी अख्खी गाडी आहे असं समजा. गाव पूर्व सायबेरियातलं याकुत्स्क. तिथली जानेवारीची सरासरीच उणे 38 अंशांच्या आसपास असते.

अशा ठिकाणी गाडी चालवण्यापेक्षा बंद करण्याचीच धास्ती जास्त. दुकानात जाताना लोक इंजिन चालूच ठेवतात. रात्री गरम गॅरेज मिळालं तर ठीक, नाहीतर गाडीवर चक्क जाड गोधडी पांघरतात. तिला तिकडे ‘नताशा’ म्हणतात! आतलं इंजिन ठरावीक वेळाने आपोआप सुरू होऊन थोडं तापतं आणि पुन्हा झोपतं. काचा धुरकटू नयेत म्हणून त्यांच्यावर दुसरी काच चिकटवतात, मध्ये हवेचा पातळ थर ठेवून.

एवढा खटाटोप का? ऑइल मधासारखं घट्ट होतं, म्हणजे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. नेमकी तेव्हाच बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर तिच्यातलं आम्ल उणे 50 लाही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र जवळपास पाणीच उरतं. ते उणे 10 च्या आसपास गोठून फुगतं आणि बॅटरी तडकते.

मला सगळ्यात नवल वाटतं ते रेडिएटरमधल्या द्रवाचं, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल नावाच्या रसायनाच्या मिश्रणाचं. पाणी शून्यावर गोठतं. शुद्ध ग्लायकॉल उणे 13 वर. म्हणजे दोघंही थंडीपुढे लेचेपेचेच. पण 40 भाग पाण्यात 60 भाग ग्लायकॉल घाला, ते मिश्रण उणे 45 लाही वाहतं राहतं. स्फटिक व्हायला रेणूंना शिस्तीत रांग लावावी लागते, आणि इथे दोघं एकमेकांची रांग मोडत राहतात.

रात्रभर उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होऊन तसेच कडक होतात. सकाळी गाडी बैलगाडीसारखी धडधडत निघते. मग येते लेना नदी. हिवाळ्यात तिच्या गोठलेल्या पात्रावरूनच रस्ता जातो. घसरेल म्हणाल, तर बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्याच्या थोडा खाली. उणे 40 ला त्याच्या पृष्ठभागावरचे सैल रेणूही जखडले जातात आणि चाकाला बऱ्यापैकी पकड मिळते.

शहरात परतल्यावर मात्र पुढचं दिसत नाही. बंद न केलेल्या त्या सगळ्या गाड्यांच्या धुरातली वाफ हवेतच गोठून दाट धुकं झालेलं असतं. समोर दिसतात ते फक्त दोन लाल दिवे, तेही अगदी जवळ गेल्यावर.