डाग चोळू नका, टिपून घ्या

आमच्या लहानपणी कपड्यांवरचे डाग ठरलेले असत. हळदीचा, आंब्याच्या चिकाचा, शाईचा, फार तर सायकलच्या चेनच्या वंगणाचा. त्यांचे उपाय आजीला पाठ होते. आता त्यांत लिपस्टिक, फाउंडेशन आणि वॉटरप्रूफ काजळाची भर पडली आहे. ते घालवायचं तंत्र वेगळं आहे. हे मी एका पैठणीची किंमत मोजून शिकले.

पैठणी आईची, जांभळ्या रंगाची. भाचीच्या लग्नात मी ती नेसले होते. पाठवणीच्या वेळी भाची गळ्यात पडून रडली आणि तिच्या ओठांवरची लिपस्टिक माझ्या खांद्यावर पदराला लागली. डाग रुपयाएवढा होता. मी लगबगीनं कार्यालयाच्या बेसिनपाशी गेले, रुमाल ओला करून साबण लावला आणि खसाखसा चोळलं. डाग तळहाताएवढा झाला! घरी येऊन गरम पाण्यानं पुन्हा चोळलं, वर इस्त्री फिरवली. डाग कायमचा बसला.

चुकलं कुठे? लिपस्टिक म्हणजे मुख्यतः मेण, तेल आणि रंग. मेण आणि तेल पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून ओल्या रुमालानं डाग निघत नाही, नुसता पसरतो. उष्णतेनं मेण वितळून धाग्यात मुरतं आणि रंगालाही आत नेतं. तेव्हा तीन पथ्यं पाळा. चोळायचं नाही, गरम पाणी वापरायचं नाही आणि डाग गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री करायची नाही.

सुती कपडा असेल तर उपाय घरातच आहे. आधी चमच्याच्या कडेनं वरचा थर अलगद उचलून घ्या. डागाची बाजू खाली करून कपडा जुन्या पांढऱ्या फडक्यावर पसरा. औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन उलट्या बाजूनं टिपत जा. कडेकडून मध्याकडे यायचं, म्हणजे डाग पसरत नाही. रंग खालच्या फडक्यात उतरतो. फडकं सरकवत राहा. मग भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब लावून पंधरा मिनिटं थांबा आणि गार पाण्यानं धुवा. डाग उरला तर हेच पुन्हा करा. स्पिरिट पटकन पेट घेतं, म्हणून गॅसजवळ हे काम नको. खिडकी उघडी ठेवा. कपड्याचा रंग जातो का, हे आधी आतल्या शिवणीवर पाहून घ्या.

फाउंडेशन आणि काजळ तेलकट असेल तर हीच रीत. पावडर सांडली तर मात्र पाणी लावूच नका. कपडा झटका, फुंकर मारा. नेलपॉलिशला ॲसिटोन असलेलं रिमूव्हर लागतं, पण ॲसिटेटच्या कापडावर ते वापरलं तर कापडच विरघळतं. लेबल वाचल्याशिवाय हात लावू नका. हळदी समारंभातला पिवळा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नका. धुऊन उन्हात वाळवा. हळदीचा रंग उन्हात उडतो.

रेशमी आणि जरीच्या वस्त्रावर मात्र घरचे प्रयोग नकोत. क्लोरीनच्या ब्लीचनं रेशमाचा धागाच खराब होतो. कोरड्या फडक्यानं टिपून घ्या आणि शक्य तितक्या लवकर ड्रायक्लीनरकडे द्या. देताना डाग बोटानं दाखवा आणि तो कशाचा आहे तेही सांगा. आपण आधी काय काय लावलं, हेही न लाजता सांगा.

नंतर धाकट्या भाचीचं लग्न झालं. मी तीच पैठणी नेसले. पदराच्या घड्या अशा घातल्या, की जुना डाग आतल्या घडीत गेला. पाठवणीची वेळ आली तेव्हा मी पिशवीतून स्वच्छ पंचा काढून खांद्यावर टाकला आणि मगच तिला जवळ घेतलं. पोरगी आधी खुदकन हसली, मग पोटभर रडली. पंचा दुसऱ्या दिवशी धुतला. स्वच्छ निघाला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)