न्वार लघुकादंबरी, फ्रेंच
गुन्हा हा विषय असलेला, आटोपशीर व काळ्या विनोदाने युक्त असा फ्रेंच कथात्म साहित्यप्रकार. ‘न्वार’ म्हणजे काळा. मार्सेल द्यूआमेल याने १९४५ मध्ये गालीमार या प्रकाशनसंस्थेत ‘सेरी न्वार’ ही ग्रंथमाला सुरू केली. तीत आरंभी इंग्रजीतून अनुवादिलेल्या, अमेरिकन वळणाच्या कादंबऱ्या असत. पुढे झां-पात्रिक मांशेत (१९४२–९५) याने या प्रकारास राजकीय धार आणली.

रहस्यकथेत गुन्हेगार सापडला, की विस्कटलेली घडी पुन्हा बसते. न्वारमध्ये ती मुळात बसलेलीच नसते. पास्काल गार्निये (१९४९–२०१०) याच्या कॉमां व्हा ला दुलर? (२००६, म. शी. दुखणे कसे आहे?) या कादंबरीतील सीमों हा वृद्ध, मरणासन्न भाडोत्री मारेकरी आपला धंदा उपद्रवी प्राण्यांचा नाश करण्याचा असल्याचे सांगतो आणि अखेरच्या कामगिरीसाठी बेर्नार या भाबड्या तरुणास मोटार चालविण्यास नेमतो. वाटेत एक तरुणी तान्ह्या मुलासह त्यांच्या सोबतीस येते व खुनासाठी निघालेला प्रवास कौटुंबिक सहलीसारखा भासू लागतो. विनोद उपजतो तो या विसंगतीतून. लेखक स्वतः मुळीच हसत नाही. विस्तार टाळल्यामुळे पश्चात्तापाला वा समर्थनाला जागा उरत नाही आणि आपण मारेकऱ्याच्या बाजूचे केव्हा झालो, हे वाचकास उशिरा उमगते. दुय्यम लेखकांच्या हाती मात्र याच शैलीचा कोरडा तुच्छतावाद होतो. गार्नियेची करुणा त्यांच्याजवळ नसते.