कुणाचे वाक्य, कुणासाठी?

आयर्लंडच्या जवळजवळ मध्यावर, शॅनन नदीच्या दोन्ही काठांवर ॲथलोन हे शहर वसले आहे. नदीकाठचा जुना किल्ला आणि उत्तरेकडील री सरोवर यांसाठी ते प्रवाशांस ठाऊक असते. परंतु शहरालगतच्या लिसीवोलन येथे २००० साली जी वसाहत उभी राहिली, तिच्याकडे प्रवाशांचे पाय सहसा वळत नाहीत. ओळीने मांडलेल्या लहान लहान फिरत्या घरांची ही वसाहत. आश्रय मागण्यासाठी आलेल्या माणसांनी अर्जाचा निकाल लागेपर्यंत येथे राहावे, अशी योजना होती. निवारा आणि अन्न सरकारचे. हातखर्चाला प्रौढ माणसास आठवड्याला १९ युरो १० सेंट. ही रक्कम २०१७ पर्यंत वाढली नाही. काही महिन्यांसाठी म्हणून आखलेल्या या व्यवस्थेत अनेकांची वर्षेच्या वर्षे गेली, मुले तेथेच जन्मली आणि तेथूनच शाळेत जाऊ लागली.

ही पद्धत मोडून काढण्यासाठी २६ फेब्रुवारी २०२१ रोजी आयरिश सरकारने एक श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. अर्जदाराने पहिले चार महिने स्वागत केंद्रात काढावेत आणि त्यानंतर त्याची सोय वस्तीत, इतर नागरिकांच्या शेजारी व्हावी. कुटुंबास वेगळ्या दाराचे घर आणि एकट्या माणसास वेगळी खोली मिळावी, असे तिचे सूत्र होते. खात्याचे मंत्री रॉडरिक ओ'गॉर्मन यांनी ही वार्ता ट्विटरवर इंग्रजीबरोबरच अरबी, उर्दू, जॉर्जियन इत्यादी भाषांतूनही दिली. केंद्रांत राहणाऱ्या पुष्कळांना इंग्रजी नीट वाचता येत नसे, हे ध्यानी घेतल्यास त्यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते.

पुढे हीच वार्ता उलट्या अंगाने फिरू लागली. मंत्र्यांनी साऱ्या जगाला आठ भाषांतून आवतण धाडले, ‘या, चार महिन्यांत स्वतःचे घर देतो’ असे वचन दिले, हे वाक्य मंत्र्यांच्या तोंडी घालून लोक एकमेकांस पाठवू लागले. २०२२ साली आश्रयाचे अर्ज तेरा हजारांच्या वर गेले, तेव्हा तर या वाक्याला पुराव्याचे मोल आले. अर्ज वाढण्याची कारणे अनेक होती. महामारीत बंद पडलेला प्रवास पुन्हा सुरू झाला, हे त्यांतील एक. मंत्र्याने जाहीर लिहिलेले कोणीही कोठेही वाचू शकतो, म्हणून त्याने अधिक जपून लिहावे, ही टीका रास्त आहे, आणि ती करणाऱ्यास कोणी खोटारडा म्हणू नये. पण जे वचन दिलेच नाही, ते दिले म्हणणे ही टीका नव्हे.

येथे शब्दाकडे जरा बारकाईने पाहावे. इंग्रजीतील ‘ओन-डोअर’ या जोडशब्दाचा अर्थ, ज्याचे प्रवेशद्वार इतरांशी सामाईक नाही असे राहण्याचे ठिकाण. मराठीत त्याला ‘स्वतंत्र दाराचे घर’ म्हणता येईल. घाईच्या भाषांतरकाराने ‘स्वतःचे घर’ लिहिले, की दाराची मालकी घरावर जाते आणि भाड्याने अथवा सरकारी सोयीने राहणारा माणूस एका शब्दासरशी घरमालक होऊन बसतो! परिस्थिती अशी, की सामान्य आयरिश तरुणालाच घर मिळेनासे झालेले. अशा वेळी हा एक शब्द काय आग लावील, हे सांगावयास नको.

या प्रकारात आयर्लंड एकटे नाही. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी बर्लिन येथे जर्मनीच्या चॅन्सेलर आंगेला मेर्केल ‘वीर शाफन दास’ असे तीन शब्द बोलल्या. ‘हे पार पाडू’ इतकाच त्यांचा सरळ अर्थ. मात्र कर्ता मराठीत आणताना अडचण पडते. जर्मन ‘वीर’ आणि इंग्रजी ‘वुई’ यांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद नाही. मराठीला तो टाळता येत नाही. मेर्केल यांचे ‘आपण’ समोरच्या जर्मन जनतेसाठी होते: आलेल्या लोकांची व्यवस्था लावण्याचे काम आपण सर्व मिळून करू. त्या ‘आपण’मध्ये दूरदेशीच्या श्रोत्यालाही बसवले, की धीराचे वाक्य निमंत्रण होते. पुढे ते निमंत्रण म्हणूनच सांगितले गेले, आणि सारे स्थलांतर त्या तीन शब्दांनी घडविले असेही म्हटले गेले. वस्तुतः त्या वर्षी आठ लाख लोक येतील असा अंदाज जर्मन सरकारने १९ ऑगस्टलाच, म्हणजे बारा दिवस आधी, जाहीर केला होता.

याहून वाईट गत अल्जीरियाचे अध्यक्ष हुआरी बूमेदिएन यांच्या नावाची झाली. १९७४ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांनी कच्चा माल आणि गरीब राष्ट्रांचा हक्क यांवर भाषण केले. दक्षिणेतील लक्षावधी लोक उत्तरेवर चालून जातील आणि आमच्या स्त्रियांची उदरे आम्हांस विजय मिळवून देतील, अशा अर्थाचे एक वाक्य त्या भाषणातील म्हणून भाषेमागून भाषेत उतरत गेले. भाषणाचे छापील कार्यवृत्त उपलब्ध आहे. त्यात हे वाक्य नाही. परंतु वाक्याला वर्ष आणि सभागृह चिकटलेले असल्यामुळे ते खरे भासते. वाचणारा मूळ पाहावयास जात नाही, आणि बूमेदिएन १९७८ सालीच निवर्तल्यामुळे खुलासा करावयासही कोणी उरलेले नाही.

ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा गिरमिटावर समुद्रापार गेले, त्या वाचकांना हा खेळ परका वाटू नये. ‘गिरमिट’ हा शब्दच मुळी ‘ॲग्रीमेंट’चा अपभ्रंश. कराराच्या अटी मजुरास समजावून सांगाव्यात आणि तो राजीखुशीने जात आहे याची अधिकाऱ्याने खात्री करून घ्यावी, असा नियम होता. प्रत्यक्षात अटी सांगणारा बहुधा अरकाटी असे, आणि अरकाट्याला माणसामागे पैसे मिळत. सुरिनाम हे नाव त्याच्या तोंडी ‘श्रीराम’ झाले. रामाच्या नावाचे बेट म्हटल्यावर भाविक मनुष्य कशाला शंका घेईल? मॉरिशसला दगड उलटला तरी खाली सोने सापडते, ही कथा तर त्या बेटावर पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. रत्नागिरीकडून मुंबई बंदरात येऊन जहाजावर चढलेल्या माणसाने ती खरी मानली असेल, तर त्याला हसण्याचा अधिकार कोणास आहे?

खोटी नावे निदान उघड खोटी होती. फिजीच्या करारातील अट त्याहून सूक्ष्म होती. दिवसाच्या कामास एक शिलिंग, असे मजूर समजून चालला. पण शिलिंग मिळे ते नेमून दिलेले काम पुरे झाले तर. आणि ते काम इतके अवजड असे, की पुष्कळांचे ते दिवसात उरकतच नसे. शब्द कागदावर होते. अर्थ मात्र सरदाराच्या हाती राहिला. तोताराम सनाढ्य यांनी फिजीतील आपल्या एकवीस वर्षांची हकीकत १९१४ साली हिंदीत प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे हा अर्थ हिंदुस्थानातील वाचकांपुढे आला. त्या काळी वाक्य मोडून माणसाला बोलावीत. आज वाक्य मोडून त्याच्याविषयी भय पसरवितात. दोन्ही वेळा भोगणारा मात्र तोच, ज्याला त्या देशाची भाषा अजून येत नाही.

आयरिश लोकांना भाषांतराचे मोल ठाऊक नाही असे मुळीच नाही. त्यांची १९३७ ची राज्यघटना आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे, आणि दोहोंत विरोध आल्यास आयरिश पाठ प्रमाण मानावा असे तीत स्पष्ट लिहिले आहे. ही केवळ भाषाभक्ती नव्हे. अध्यक्षपदासाठी इंग्रजी पाठाप्रमाणे उमेदवार वयाच्या पस्तिसाव्या वर्षात पोचलेला असावा, म्हणजे चौतीस पूर्ण झाले तरी पुरे. आयरिश पाठाप्रमाणे मात्र पस्तीस वर्षे पूर्ण झालेली असावीत. एका वर्षाचा हा फरक, पण देशाच्या मूळ कायद्याने त्याची तजवीज करून ठेवली आहे. संसदेतील चर्चेचे वृत्तही १९१९ पासून छापलेले आहे आणि कोणालाही फुकट वाचता येते. ज्याला मंत्र्याचे वाक्य खरोखर पाहावयाचे आहे, त्याला मूळ शोधण्यास फार वेळ लागत नाही.

लिसीवोलनला २०२४ साली पुन्हा गडबड उडाली. एक हजारापर्यंत माणसांची सोय करण्याची नवी योजना तेथे आली, लोकांनी मोर्चे काढले, आणि परवानगीचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. जागा पुरेल काय, नियमांतून सूट कोणत्या आधारे दिली, हे प्रश्न गावकऱ्यांनी विचारले ते योग्यच होते. त्यांची उत्तरे कागदपत्रांतून मिळू शकत होती. आठ भाषांतील आवतणाच्या कथेतून मिळत नव्हती. श्वेतपत्रिकेची मुदत त्याच वर्षाच्या अखेरीस संपत होती. चार महिन्यांत स्वतंत्र दार, असे त्या कागदात म्हटले होते. नोव्हेंबरात लिसीवोलनला माणसे राहावयास आली, ती तंबूंत.