डाग जॉबमधला की फिल्ममधला?

बॉयलरच्या वेल्डचा किंवा पंपाच्या कास्टिंगचा एक्स-रे काढला, फिल्म धुऊन व्ह्यूअरवर लावली आणि नेमक्या जोडावर पांढरा ठिपका दिसला, तरी भोसरी-चाकण पट्ट्यातला मुरलेला आरटीवाला लगेच ‘रिजेक्ट’ म्हणत नाही. आरटी म्हणजे रेडिओग्राफिक टेस्टिंग. तो आधी एवढंच पाहतो की डाग जॉबमधला आहे की फिल्ममधला. जॉबमधला असेल तर वेल्ड ग्राइंडरने खोदायचा, पुन्हा भरायचा आणि पुन्हा एक्स-रे काढायचा. फिल्ममधला असेल आणि तो ओळखला नाही, तर धडधाकट जॉबच खोदला जाणार.

घरातला जुना फिल्म कॅमेरा कपाटातून बाहेर काढणाऱ्या हौशी मंडळींपुढेही हाच प्रश्न येतो. मोरया गोसावींच्या समाधी मंदिराचा किंवा भक्ती-शक्ती शिल्पाचा फोटो काढावा आणि त्यावर आडवा नारिंगी पट्टा यावा! मग कोणी सांगतं ‘लाइट लीक’, कोणी सांगतं ‘रोल एक्स्पायर्ड’, आणि कोणी नवा कॅमेरा घ्यायला लावतं. (हाच पट्टा मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर म्हणून मिळतो, तेव्हा मात्र त्याचं कौतुक होतं.) अंदाज सगळे करतात, तपास कोणी करत नाही. कारखान्यातली शिस्त इथे उसनी घेतली तर निम्मी कोडी घरबसल्या सुटतात.

पहिली अडचण लॅबपासून सुरू होते. बऱ्याच लॅब मोबाइलवर स्कॅन पाठवतात, तेही चौकटीपुरतं कापून. आणि पुरावा नेमका चौकटीबाहेर असतो. फिल्म 35 मिलिमीटर रुंद, तिच्यावरचं चित्र 24 मिलिमीटर उंच. वर-खाली उरते ती साडेपाच-साडेपाच मिलिमीटरची भोकांची पट्टी. लेन्समधून आलेला प्रकाश चौकटीच्या आतच राहतो, या पट्टीवर पोचू शकत नाही. त्यामुळे डाग चौकटीच्या रेषेवर थांबला असेल तर संशय लेन्सवर, शटरवर किंवा समोरच्या सूर्यावर घ्यायचा. रेषा ओलांडून तो भोकांपर्यंत गेला असेल तर प्रकाश दुसरीकडून शिरलाय: मागच्या दारातून, रोलच्या डबीच्या मखमली फटीतून, नाहीतर डेव्हलपिंगच्या टाकीत.

डाग निगेटिव्हवर काळा आहे की पारदर्शक, हेही आधीच पाहून घ्यावं. निगेटिव्हवर काळं ते फोटोत पांढरं. जादा प्रकाश निगेटिव्ह काळी करतो. फोटोत काळा दिसणारा केस किंवा ठिपका असेल तर तिथे प्रकाश अडलाय, शिरलेला नाही. मग फटी शोधत बसण्यात अर्थ नाही, ब्रश घेऊन कॅमेरा आतून साफ करावा.

दिशेचा हिशेब जरा डोकं खातो. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांच्या मागच्या दाराची बिजागरी आपल्या उजव्या हाताला असते. तिथून शिरलेला प्रकाश फोटोत डाव्या कडेला उमटतो, आणि माणूस मात्र डावीकडची फट शोधत राहतो. रंगसुद्धा माहिती देतो. रंगीत फिल्मचा लाल प्रकाश टिपणारा थर सगळ्यात खाली, पाठीकडे असतो. मागून आलेला प्रकाश त्यालाच आधी गाठतो, म्हणून दाराच्या फटीचा पट्टा लाल-नारिंगी येतो.

हे दार झाकणारा काळा फोम हा सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जपानी कॅमेऱ्यांचा ठरलेला आजार. कारच्या दाराला पाणी-धूळ अडवायला रबराची पट्टी असते, तसा हा प्रकाश अडवायला. पण तो पॉलियुरेथेनचा. दमट हवेत काही वर्षांनी त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो, बोटाला लागतो आणि हळूहळू झडतो. अशा कॅमेऱ्याचे डाग सगळ्या फोटोंवर सारखे नसतात. कॅमेरा उन्हात टेबलावर पडून होता तेव्हा जी फ्रेम आत थांबलेली होती, तिच्यावर डाग गडद. भराभर काढलेल्या फ्रेमवर जेमतेम. कधी प्रकाश स्पूलवर गुंडाळलेल्या थरांमधून झिरपतो. मग तोच डाग ठरावीक अंतराने पुन्हा येतो, दर वेळी थोडा फिका. हे दिसलं तर शंका उरत नाही.

बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री एकेकाळी मराठी घरांत बराच होता. त्याच्या पाठीला फ्रेमचा आकडा दाखवणारी लाल काचेची खिडकी असते. लाल रंगाला आंधळ्या असलेल्या जुन्या फिल्मसाठी ती युक्ती होती. आजची कृष्णधवल फिल्म लाल प्रकाशही टिपते. त्यात आज गोल डाग आला तर फोमला दोष देऊ नये. खिडकीवर काळी टेप लावावी आणि रोल फिरवताना तेवढी सावलीत उचलावी.

काही डाग कॅमेऱ्यातले नसतातच. टाकी एकाच लयीत जोरजोरात हलवली की डेव्हलपर भोकांतून उसळतो आणि प्रत्येक भोकासमोर फिकट रेघ उमटते. रीळ भरताना फिल्म दुमडली की चंद्रकोर उमटते, प्रकाशाशिवाय, नुसत्या दाबाने. एक्स-रे फिल्मवरही ती येते, आणि तिथे ती तारीखही सांगते: एक्स्पोजरआधी दुमडली तर कोर फिकट, नंतर दुमडली तर गडद.

आपल्याकडचा खास डाग पाण्याचा. 2019च्या अखेरीपासून पिंपरी-चिंचवडच्या नळाला पाणी दिवसाआड येतं. उरलेली गरज टँकर आणि बोअर भागवतात. असं जड पाणी निगेटिव्हवर वाळलं की क्षारांची पांढुरकी कडी राहते आणि फोटोत ती लाइट लीक म्हणून खपते. परीक्षा सोपी: पट्टी डिस्टिल्ड वॉटरमध्ये पुन्हा भिजवावी. क्षार बहुतेक वेळा निघून जातात. प्रकाशाचा डाग काही केल्या जात नाही. डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडे मिळतं.

आता आरटीवाल्याची खरी करामत. महत्त्वाच्या जॉबला तो एकाच कॅसेटमध्ये दोन फिल्म घालतो. ठिपका दोन्हींवर त्याच जागी असेल तर तो धातूतला, बहुधा टिग वेल्डिंगच्या इलेक्ट्रोडमधून तुटलेला टंगस्टनचा कण. टंगस्टन पोलादापेक्षा जड, किरण अडवतो, म्हणून पांढरा दिसतो. एकाच फिल्मवर असेल तर तो फिल्मचा. कॅसेटमधल्या शिशाच्या स्क्रीनवर कचरा अडकला तरी पांढरा ठिपका येतो, पण तो जॉब बदलला तरी त्याच कॅसेटमध्ये पुन्हा दिसतो. म्हणून स्क्रीनवर नंबर टाकलेले बरे. कॅसेटच्या पाठीला शिशाचं ‘बी’ अक्षर चिकटवतात. फिल्मवर ते आजूबाजूपेक्षा फिकट उमटलं तर मागच्या भिंतीवरून किंवा जमिनीवरून किरण परत आले आणि ती फिल्म बाद.

अशा चिकाटीने डागाचा माग काढला तर तो कुठवर नेतो, हे 1945 साली अमेरिकेत दिसलं. कोडॅक कंपनीच्या एक्स-रे फिल्मवर न वापरताच डाग येऊ लागले. ज्युलियन वेब या शास्त्रज्ञाने पुठ्ठ्याच्या वेष्टनापर्यंत आणि तिथून इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्स गावच्या गिरणीपर्यंत माग काढला. 16 जुलैला न्यू मेक्सिकोत झालेल्या पहिल्या अणुस्फोटाची धूळ पावसाबरोबर नदीत आणि नदीतून पुठ्ठ्यात आली होती. वेबने हे 1949 मध्ये प्रसिद्ध केलं.

आपल्या रोलमागे एवढं मोठं कारण नसतं. फार तर विमानतळ. सामानाच्या स्कॅनरमधून गेलेल्या रोलवर एका फ्रेममधून दुसरीत वाहत जाणारा लाटेसारखा पट्टा येतो आणि नवे सीटी स्कॅनर तर एका फेरीतच फिल्म बिघडवतात. लोहगाव विमानतळावर सीआयएसएफच्या जवानाला रोल हाताने तपासण्याची विनंती करून पाहावी.

कॅमेऱ्यावरच संशय असेल तर एक स्वस्त रोल खर्ची घाला. दाराच्या एकेका कडेला काळी टेप लावत जा, दर वेळी कॅमेरा तेवढाच वेळ उन्हात ठेवा आणि फ्रेमचा नंबर वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. ज्या कडेच्या टेपने डाग थांबेल, तिथलाच फोम बदलायचा. आणि लॅबमध्ये रोल देताना बजावून सांगा: स्कॅन कसेही करा, निगेटिव्ह न कापता परत हवी.