वैशाखांतील मोटारप्रवासाची पूर्वतयारी

परीक्षा आटोपल्या, आंबे उतरूं लागले, कीं येडगावच्या पंचक्रोशींतून मोटारी बाहेर पडतात. कोणी आळेफाट्यावरून अहिल्यानगरमार्गें मराठवाड्यांतील लग्नास, कोणी माळशेज घाट उतरून कल्याणास. कुकडीच्या जलाशयावरून येणारा पहांटेचा वारा इतका शीतल असतो कीं, दुपारीं पुढें काय वाढून ठेवलें आहे याची कल्पनाच निघतेवेळीं येत नाहीं. फराळाचे डबे दोनदां मोजणारे गृहस्थ चाकांकडे मात्र ढुंकूनही पाहत नाहींत.

उन्हाळ्यांत हवा फुगते, म्हणून टायरमध्यें ती चार पौंड कमीच भरावी, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो घातक होय. हवा कमी असली म्हणजे टायरची कूस प्रत्येक फेऱ्यास अधिक दबते व सुटते. या सततच्या लवण्यानेंच रबर आंतून तापतें आणि भर वेगांत फुटतें. डांबराचा ताप त्यांत भर घालतो एवढेंच. योग्य दाबाचा आंकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. तेवढी हवा निघण्यापूर्वीं, टायर थंड असतांनाच भरावी. तपमान साडेपांच अंशांनीं वाढलें कीं दाब सुमारें एक पौंड चढतो. हा हिशेब कारखानदारानें आधींच धरलेला असतो. म्हणून वाटेंत तापलेल्या टायरमधून हवा सोडूं नये. स्थालीपुलाकन्याय येथें निरुपयोगी आहे. एक शीत चांचपून भात शिजल्याचें कळतें. एका चाकावरून चारांची परीक्षा होत नाहीं, आणि पांचवी स्टेपनी तर सर्वांच्याच विस्मरणांत असते! टायरच्या कुशीवरील शिक्क्याच्या अखेरीस चार अंक असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुना टायर जाणत्यास दाखवावा.

रेडिएटरांत विहिरीचें पाणी ओतण्याची जुनी खोड आतां सोडावी. आमच्या काळ्या खडकांतील पाणी बहुधा जड; त्यांतील क्षार बारीक नळ्यांत बसतात. ऊर्ध्वपातित पाणी मिसळलेलें कूलंटच घालावें. तें शंभर अंशांवरही सहसा उकळत नाहीं. पुढील जाळींत अडकलेली धूळ व उसाचें पाचट झाडून काढावें. कांटा चढूं लागला तर गारवा देणारें यंत्र बंद करून हीटर लावावा. हें विपरीत वाटेल खरें, परंतु त्यानें इंजिनाची उष्णता बाहेर पडते. मग गाडी बाजूस घेऊन थांबावें. तापलेलें झांकण मात्र उघडूं नये. उसळणाऱ्या वाफेनें तोंड-हात पोळतात.

सर्वांत गंभीर गोष्ट गाडीची नव्हे, मुलांची. उन्हांत बंद ठेवलेल्या मोटारीचें आंतील तपमान दहा मिनिटांत सुमारें दहा अंशांनीं, तर अर्ध्या तासांत एकोणीस अंशांपर्यंत वाढतें. बोटभर उघड्या ठेवलेल्या कांचेनें फारसा फरक पडत नाहीं. लिंबाची सावलीही हळूहळू सरकते. त्यांतच लहान मुलाचें शरीर मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पांचपट वेगानें तापतें. नारायणगावच्या बाजारांत 'दोन मिनिटांत येतों' म्हणून झोपलेलें मूल आंत ठेवून जाणाऱ्यांनीं हे आंकडे ध्यानांत धरावेत. कोणाच्या बंद गाडींत मूल निपचित दिसलें आणि दार उघडेना, तर मालकाची वाट पाहत बसूं नये. समोरची कांच दुपदरी असल्यामुळें सहजीं फुटत नाहीं. मुलापासून दूरच्या बाजूची कांच कोपऱ्यावर टणक वस्तूनें ठोकून फोडावी.