मुखत्यारपत्र : उसना दिलेला हात



मुखत्यारपत्र हा कचेरीतला शब्द. तो वकिलांवर सोपवून आपण मोकळे होतो. पण खामगाव, मलकापूर, चिखली अशा गावांतला एखादा कर्ता मुलगा दुबईला वा मस्कतला कामाला असतो. बचतीतून गावी घर घ्यावे, तर खरेदीसाठी रजा मिळत नाही. मग तो भावाच्या वा मेहुण्याच्या नावे एक कागद करून पाठवितो. त्याचा सारा घाम त्या कागदावर उभा असतो.

हा कागद म्हणजे मालकी नव्हे. तो उसना दिलेला हात होय. कामगार आपल्या प्रतिनिधीला मालकाशी बोलणी करण्यास पाठवितात, तेव्हा काय मागावे आणि कोठे थांबावे हे सभेत ठरवून पाठवितात. मुखत्याराचेही तसेच. कुलमुखत्यारपत्राने सर्व व्यवहार त्याच्या हाती जातात. खास मुखत्यारपत्राने ठरलेले एकच काम. घर घ्यावयाचे असेल तर खास पत्रच करावे. त्यात मिळकतीचा नंबर, चतुःसीमा, किमतीची कमाल मर्यादा आणि मुदत लिहावी. विकण्याचा, गहाण टाकण्याचा अधिकार लिहूच नये.

परदेशात असा कागद तेथील भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर किंवा नोटरीसमोर सही करून साक्षांकित करून घ्यावा. तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते. खरेदीखतात घेणार म्हणून तुमचे नाव व 'तर्फे मुखत्यार' म्हणून भावाचे नाव आले पाहिजे. पैसे भावाच्या खात्यातून न फिरविता थेट विकणाऱ्याच्या खात्यात बँकेमार्फत द्यावेत. नोंदणीनंतर मिळकत पत्रिकेवर आपले नाव चढले की नाही, ते स्वतः पाहावे.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. कोणी म्हणेल, 'मालक परदेशात आहे. मुखत्यारपत्र घ्या, पैसे द्या, घर तुमचे.' ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले की, अशा कागदाने मालकी मिळत नाही. नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

आणखी तीन गोष्टी. कागद देणारा वारला की साध्या मुखत्यारपत्राचा अधिकार संपतो; त्यानंतर वारसांनीच पाहावे. अधिकार काढून घ्यावयाचा तर मुखत्याराला आणि ज्यांच्याशी तो व्यवहार करतो त्यांना लेखी कळवावे. त्यांना कळेपर्यंत त्याची सही तुमच्यावर बंधनकारक ठरू शकते. आणि नोकरीसाठी परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, मग सही मुखत्याराची का असेना. वडिलार्जित शेत वारशाने येते, ती गोष्ट वेगळी.

इथल्या माणसाने परदेशात घर घ्यावयाचे तर तेथील कायदा पाहावा. १९६१ च्या हेग करारातील देशांत आपल्या कागदाला एकच शासकीय प्रमाणपत्र पुरते; भारत त्यात २००५ पासून आहे. इतर देशांत मात्र त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो.

भावाकडून हिशेब मागणे म्हणजे अविश्वास, असे आपल्याकडे मानतात. पण मुखत्याराने हिशेब द्यावा, हे १८७२ च्या करार कायद्यातच लिहिलेले आहे. चोख कागद नात्याच्या आड येत नाही. उद्या कोर्टाची पायरी चढण्यापासून तोच दोघा भावांना वाचवितो.