प्रकाशाचे जंक्शन

गाडी बदलणे म्हणजे काय, हे इंदूर-बेळगावच्या जुन्या घरांना वेगळे सांगायला नको. मीटर गेजच्या काळात मुंबईला निघालेले इंदूरकर खांडव्याला उतरत आणि पुण्याला निघालेले बेळगावकर मिरजेला. वळकट्या, ट्रंका, पोरेबाळे सांभाळत पुन्हा ब्रॉड गेजच्या गाडीत चढायचे. रुळांची रुंदीच वेगळी, तेव्हा डबा पुढे जाणार कसा? आपल्या फोनवरचे बोलणेही बराच काळ असाच प्रवास करीत होते.

लांबच्या पल्ल्यावर आपला आवाज प्रकाशाच्या रूपाने जातो. त्याची वाट म्हणजे काचेचा तंतू, जाडी सुमारे 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. काच पुरेशी शुद्ध केली तर हे साधेल, असे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 साली मांडले. काओंना त्यासाठी 2009 चे नोबेल मिळाले. पुढे एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकदम पाठवता येऊ लागला. साधारण 1530 ते 1565 नॅनोमीटरच्या पट्ट्यात, जेमतेम 0.4 नॅनोमीटरच्या अंतराने, ऐंशीच्या वर तरंगलांबी बसतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत; सोयीसाठी आपण त्यांना रंग म्हणू.

पूर्वी वाटा फुटत त्या ठिकाणी प्रत्येक रंगाची वीज करावी लागे आणि विजेचा पुन्हा प्रकाश. म्हणजे प्रत्येक जंक्शनवर सामान उतरवणे आलेच. तरंगलांबी निवडणाऱ्या स्विचने ते थांबवले. सीडीवर इंद्रधनुष्य दिसते, तशाच बारीक रेघांच्या पृष्ठभागावर आत आलेला प्रकाश रंगारंगांत पसरतो. प्रत्येक रंग द्रवस्फटिकाच्या पडद्यावर आपापल्या जागी पडतो. तिथला विद्युतदाब बदलला की तो रंग हव्या त्या वाटेकडे वळतो. काही यंत्रांत हेच काम सूक्ष्म आरसे करतात. सामान न उघडता डबा पुढे जातो, आणि हुकूम दूरच्या नियंत्रण कक्षातून देता येतो.

याची किंमत कळते ती केबल तुटल्यावर. समजा, इंदूरहून मुंबईला एक केबल धुळे-नाशिकमार्गे जाते, दुसरी वडोदरा-सुरतमार्गे. धुळ्याजवळ जेसीबीने पहिली तोडली, तर स्विच तिच्यातले रंग वडोद्याकडे वळवू शकतो. मात्र त्या तंतूत तो रंग मोकळा हवा, कारण एका तंतूत एकाच दिशेने एकाच रंगाचे दोन संदेश गेले तर ते एकमेकांत मिसळतात. तो मोकळा नसेल तर पाठवणीचा रंगच बदलावा लागतो. आणि दुसरी केबल खरोखरच दुसऱ्या वाटेने गेलेली हवी. दोन्ही एकाच चरात पुरल्या असतील, तर जेसीबी दोन्ही तोडतो आणि स्विचला वळवायला वाट उरत नाही.

म्हणून आपल्या गावातले रुग्णालय किंवा बँक ‘आमच्याकडे दोन जोडण्या आहेत’ असे सांगेल, तेव्हा त्यांना एवढेच विचारा: दोन्ही कोणत्या रस्त्याने येतात?